काकांच्या कुंपणातली पाच फुटांची पट्टी

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही बोरिवलीत वन बीएचकेमध्ये राहतो. आमच्या ह्यांच्या ऑफिसातून रिटायर झालेले एक काका आहेत. दहिसर गावठाणात त्यांच्या वडिलांनी घेतलेलं बैठं घर आहे, पुढे अंगण, मागे न्हाणी आणि विहीर. काका ते विकून मुलाकडे पुण्याला जायचं म्हणतात. घर आम्हाला मनापासून आवडलंय. काका सांगतात, जागा २४०० चौरस फूट आहे. प्रॉपर्टी कार्डावर १९८.४ चौरस मीटर आहे, जुन्या खरेदीखतात २४० चौरस वार. एका रविवारी आम्ही टेपने मोजलं तर कुंपणाच्या आतून ५२ फूट बाय ४६ फूट भरलं. मी म्हटलं, सरकारी मोजणी करून घेऊ. तर हे म्हणतात, "काकांना काय वाटेल? आपला त्यांच्यावर विश्वास नाही असंच ना?" एजंट म्हणतो, "कार्ड आहे, चारी बाजूंनी भिंत आहे, बारा वर्षांच्या वर कब्जा आहे. मोजणी शेतजमिनीची करतात, वहिनी." दसऱ्याला साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, करायचं ठरतंय. मी उगाच शंका काढतेय का?

ता. क. कार्डावर अजून काकांच्या वडिलांचंच नाव आहे. काका म्हणतात, ते नंतर होऊन जाईल.

एक वाचक, बोरिवली

उत्तर

ताई,

शंका उगाच नाही. तुम्ही टेप घेऊन गेलात हेच मुळात मला आवडलं. घर बघायला जाणारी माणसं पाणी किती वाजता येतं ते विचारतात, देवघर कुठे बसेल ते ठरवून येतात. भिंतीला टेप लावायचं कुणाच्या मनात येत नाही. मी तीस वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. मालक जागेचा जो आकडा सांगायचा तो आम्ही पेन्सिलीने लिहून घ्यायचो. शाईने लिहायचा तो मोजून आल्यावर.

आधी तुमचेच आकडे एका मापात आणू. एक चौरस वार म्हणजे नऊ चौरस फूट, म्हणून खरेदीखतातले २४० वार झाले २१६० फूट. कार्डावरचे १९८.४ मीटर म्हणजे साधारण २१३५ फूट. दोन कागदांत पंचवीस फुटांचा फरक आहे. त्याने घाबरू नका, वाराचे मीटर होताना आणि जुनी मोजणी नव्याने होताना एवढं इकडंतिकडं होतं. तुमची टेप मात्र म्हणते २३९२, आणि काका त्यालाच गोल करून २४०० म्हणतात. म्हणजे कागद एकमेकांशी जुळतात, कुंपण कागदांशी जुळत नाही. कुंपणाच्या आत सुमारे २५५ चौरस फूट जास्त आहेत. ५२ फुटांच्या बाजूला लावून पाहिलं तर ती जवळजवळ पाच फूट रुंदीची पट्टी होते.

जागा जास्त भरली म्हणून तुमच्या ह्यांना बरं वाटलं असेल. कमी भरली असती तर तुम्ही दोघंही लगेच सावध झाला असता. मला विचाराल तर जास्त भरलेली जागा अधिक त्रासाची, कारण ती कुणाची तरी असते. शेजाऱ्याची असेल, महापालिकेची असेल. आणि काका तिचेही पैसे तुमच्याकडून घेणार आहेत, काही वाईट हेतूने नव्हे, ते लहानपणापासून तेवढंच अंगण बघत आलेत म्हणून.

आता एक शक्यता तुमच्याच टेपची. तुम्ही दोनच बाजू मोजल्यात. गावठाणातलं घर काटकोनात असेल असं धरू नका, तिथे जागा बैलगाडीच्या वाटेने आणि आंब्याच्या झाडाने आखलेल्या असतात. पुढची बाजू ५२ फूट असेल आणि मागची ४५ निघाली, तर सरासरी साडेअठ्ठेचाळीस धरावी लागेल आणि क्षेत्र २२३१ वर येईल. मग निम्म्याहून जास्त फरक तिथेच मिटला. म्हणून पुन्हा जाल तेव्हा चारही बाजू मोजा, आणि मुख्य म्हणजे कोपऱ्यातून कोपऱ्यात दोन्ही कर्ण मोजा. ५२ बाय ४६ चा नीट चौकोन असेल तर दोन्ही कर्ण ६९ फूट ५ इंचांच्या आसपास यायला हवेत. एक ६६ आणि दुसरा ७२ आला तर लांबी गुणिले रुंदी हे गणित सोडून द्या. आम्ही अशा जागेचे कर्णावर दोन त्रिकोण पाडायचो आणि दोन्हींचं क्षेत्रफळ वेगळं काढून बेरीज करायचो. महापालिकेत प्लॅन टाकताना आर्किटेक्ट आजही प्लॉटचं क्षेत्र त्रिकोण पाडूनच दाखवतो, ऑफिसात त्याला ट्रायँग्युलेशन म्हणतात. आणि हो, भिंतीची जाडी. भिंत काकांची एकट्याची की शेजाऱ्याबरोबर सामाईक, हे विचारून ठेवा. नऊ इंची भिंत चारी बाजूंनी धरली की तीही बरेच फूट खाते.

हे सगळं झालं तरी तुमची टेप एक गोष्ट सांगू शकत नाही. कार्ड सांगतं की काकांच्या वडिलांचे १९८.४ मीटर आहेत. ते १९८.४ मीटर या कुंपणात नेमके कुठून कुठपर्यंत, हे कळायला मोजणीच हवी.

त्याआधी घरबसल्या करायचं एक काम आहे, त्याला पैसे पडत नाहीत. जुनं खरेदीखत काढा आणि त्यातली चतुःसीमा वाचा. "पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस रस्ता, उत्तरेस तमक्याचे वाडे, दक्षिणेस गल्ली" अशा धर्तीचा मजकूर असेल. दहिसर १९५७ साली मुंबई महापालिकेत आलं, त्याआधीचा दस्त असेल तर भाषा आणखी गमतीची असते, झाडाझुडपांची नावंही सापडतात. तुम्हाला शोधायचाय एकच शब्द: गल्ली, बोळ किंवा वाट. मग घरी जाऊन बघा की दस्तात जिथे गल्ली लिहिली आहे तिथे आज गल्ली आहे का. न्हाणीच्या मागे थेट शेजाऱ्याची भिंत लागत असेल आणि दस्तात मात्र मधे गल्ली असेल, तर ती गल्ली गेली कुठे? पाच फूट ही घरगल्लीला, म्हणजे दोन घरांमधल्या अरुंद बोळाला, शोभेलशी रुंदी आहे. मुंबईत अशा घरगल्ल्या दोन्ही बाजूंच्या घरांनी थोड्याथोड्या पोटात घेतलेल्या मी पुष्कळ पाहिल्यात. आधी तिथे कपडे वाळत पडतात, मग पत्रा येतो, मग न्हाणी, मग भिंत. कुणी चोरी केली असं कुणालाच वाटत नाही.

एजंटच्या बोलण्याकडे येतो. मोजणी शेतजमिनीची करतात हे त्याचं म्हणणं अर्धवट आहे. मुंबई उपनगरात सात-बाराच्या जागी बहुतेक ठिकाणी सिटी सर्व्हे, म्हणजे शहरी जागांची सरकारी मोजणी आणि नोंद, आहे, म्हणूनच तुमच्या हातात प्रॉपर्टी कार्ड आलं आणि त्यावर सीटीएस नंबर, म्हणजे सिटी सर्व्हेचा नंबर, आहे. तो नंबरच मुळात मोजणीतून जन्माला आलाय. (तिकडे शहर विभागात, गिरगाव-फोर्टकडे, जुन्या दस्तांत अजून 'लॉटन सर्व्हे नंबर' दिसतो. तो सर्व्हे १८७२ च्या सुमारास पुरा झाला. दीडशे वर्षं लोक त्या मोजणीच्या आधाराने व्यवहार करतायत आणि हा गृहस्थ म्हणतो मोजणी कशाला.) भिंतीचं म्हणाल तर भिंत गवंडी घालतो, मालक सांगेल तिथे.

बारा वर्षांच्या कब्जाची गोष्ट मात्र नीट समजून घ्या, कारण हे वाक्य तुम्हाला पुन्हा पुन्हा ऐकवलं जाईल. १९६३ च्या मुदत कायद्यात खासगी मालकासाठी बारा वर्षांची मुदत आहे हे खरं. पण नुसती जागा वापरली एवढ्याने ती आपली होत नाही. खऱ्या मालकाच्या हक्काविरुद्ध, उघड, सलग कब्जा होता हे कोर्टात सिद्ध करावं लागतं, आणि ते भल्याभल्यांना जमत नाही. शिवाय ती पट्टी सार्वजनिक गल्लीची असेल तर मुदत बारा नाही, तीस वर्षांची. म्हणजे एजंट तुम्हाला जमीन विकत नाही, एक दावा विकतोय. आणि दावा विकत घ्यायला तुम्ही वकील नाही.

माझ्या मामांचं सांगतो. त्यांनीही अशाच एका गावठाणात ओळखीच्या माणसाकडून घर घेतलं, मोजणी न करता. एकोणीस वर्षं काही झालं नाही. मग शेजारचं घर विकलं गेलं, नव्या मालकाला मजला चढवायचा होता, त्याने हद्द कायम करायला मोजणी लावली. मी त्या दिवशी तिथे होतो. भूकरमापकाने, म्हणजे मोजणी करणाऱ्या सरकारी माणसाने, दोन खुणा दाखवल्या, एक अंगणात आणि एक मागच्या पडवीत, आणि म्हणाला, या दोन्हींच्या मधे दोरी धरा. दोरी सरळ धरायची तर मधे मामीचं स्वयंपाकघर. दार उघडून दोरी आत घेतली. ती ओट्यावरून गेली, गॅसच्या शेगडीच्या बरोब्बर मधून. एक बर्नर आमचा, एक शेजाऱ्याचा. मामीने कुकर लावला होता, तिने तो उचलून अलीकडच्या बर्नरवर ठेवला. कुणी हसलं नाही. पुढे मामांनी ती पट्टी शेजाऱ्याकडून त्या वेळच्या भावाने विकत घेतली. म्हणजे त्याच ओट्याचे पैसे दोनदा मोजले. पहिल्या मालकाला विचारायला जावं तर तो वारलेला.

तर मोजणी कशी होते ते सांगतो. तुम्हाला हवी ती 'हद्द कायम' मोजणी, म्हणजे हद्दीच्या खुणा जागेवर पक्क्या करणारी. अर्ज ऑनलाइन ई-मोजणीतून होतो आणि तो तुमच्या भागाच्या नगर भूमापन अधिकाऱ्याकडे जातो, आपण ज्याला सिटी सर्व्हे ऑफिस म्हणतो तिथे. १ डिसेंबर २०२४ पासून मोजणीचे दोनच प्रकार ठेवलेत, नियमित आणि द्रुतगती. जुने तातडी, अतितातडी वगैरे गेले. द्रुतगतीचं शुल्क चौपट आहे, पण मुंबईतल्या घराच्या किमतीपुढे ते चणेफुटाणे. तुम्ही द्रुतगतीच घ्या.

पण अर्ज करणार कोण? इथे तुमच्या ता. क. ची गाठ पडते. खरं तर ते वाक्य तुम्ही पत्राच्या सुरुवातीला लिहायला हवं होतं. मोजणीचा अर्ज ज्याचं नाव कार्डावर आहे त्याने करायचा असतो. खरेदी करणाऱ्याला तो अधिकार नाही, आणि कार्डावर नाव आहे ते काकांच्या वडिलांचं, जे हयात नाहीत. म्हणजे आधी वारस नोंद, मग मोजणी. आणि वारस नोंद म्हटली की एकटे काका नव्हेत. घर वडिलांनी स्वतः घेतलेलं असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने काकांची आई हयात असल्यास ती, सगळे भाऊ आणि सगळ्या बहिणी, सारख्या हिश्शाने. बहिणी लग्न होऊन पन्नास वर्षं झाली असली तरी. काकांना बहिणी आहेत का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. विचारलंच नसेल. सहज चहा पिताना विचारा, "काका, आत्यांना सांगितलंत का घर विकतोय ते?" उत्तर कसं येतं त्यावरून बरंच कळेल. "ते नंतर होऊन जाईल" याचा अर्थ पुष्कळदा असा असतो की एक बहीण सही करायला तयार नाही.

मी वकील नाही. या वारसांच्या भागासाठी आणि मागच्या तीस वर्षांच्या सर्चसाठी, म्हणजे जागेचे जुने दस्त तपासायला, वकील लावाच, आणि तो एजंटने सुचवलेला नको. त्याच वेळी वकिलाला कार्डावरचा धारणाधिकाराचा, म्हणजे जागा कोणत्या हक्काने धारण केली आहे त्याचा, रकानाही दाखवा. तिथे 'ब' असेल तर विक्रीवर सरकारी अटी असू शकतात, मग वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वारस नोंद होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायची गरज नाही. सिटी सर्व्हेचा नकाशा आणि कार्डाची नक्कल घेऊन एखाद्या खासगी सर्व्हेअरकडून टोटल स्टेशनने, म्हणजे तिवईवरच्या मोजणी यंत्राने, मोजून घ्या. काकांनी हो म्हटलं की सकाळी सुरू करून दुपारपर्यंत काम होतं. तो तुमच्या कुंपणाचा आकार सिटी सर्व्हेच्या नकाशावर ठेवून दाखवेल, आणि जास्तीची पट्टी कोणत्या बाजूला आहे ते तिथेच दिसेल. या नकाशाला सरकारी मोजणीची किंमत नाही, कोर्टात तो एकटा उभा राहणार नाही. पण पुढे जायचं की नाही हे ठरवायला तेवढा पुरतो. तुम्ही कर्ज काढणार असाल तर बँकेचाही माणूस मोजायला येईल. त्याच्या मापावर विसंबू नका. तो बँकेचं कर्ज बुडणार नाही ना एवढंच बघतो, तुमची हद्द बघत नाही.

सरकारी मोजणीच्या दिवशी काय होतं तेही माहीत असू द्या. आधी सगळ्या लगतच्या धारकांना नोटीस जाते, तारीख त्यात असते. शेजाऱ्यांची नावं आणि पत्ते अर्जात बरोबर द्यायला काकांना सांगा. नोटीस पोचलीच नाही असं पुढे कुणी म्हणालं की सगळी मोजणी वादात. भूकरमापक हल्ली रोव्हर घेऊन येतात, उपग्रहाच्या सिग्नलवर चालणारं यंत्र. पण गावठाणातल्या अरुंद बोळात, दोन बाजूंनी इमारती उठलेल्या असताना त्याला मोकळं आकाश मिळत नाही, तेव्हा तिवईवरच्या यंत्राने काम करतात. हद्दीच्या खुणा पक्क्या करायला दगड, चुना आणि एक-दोन माणसं अर्जदाराने ठेवायची असतात, हे ऐन वेळी कळतं आणि धावाधाव होते. आणि गल्लीतली दोन-तीन म्हातारी माणसं येऊन उभी राहतील. प्रत्येकाला जुना दगड कुठे होता ते माहीत असतं, प्रत्येकाचा दगड वेगळा. त्यांना बोलू द्या, चहा द्या. त्यातल्या एखाद्याच्या बोलण्यातून गल्लीचा पत्ता लागतो. तुम्ही स्वतः हजर राहा, पण शेजाऱ्याशी वाद घालू नका. तुम्ही अजून तिथल्या कुणी नाही.

मोजणी झाली की नकाशाची 'क' प्रत मिळते. तिच्यात रेकॉर्डची हद्द एका रेषेने आणि आजची प्रत्यक्ष वहिवाट दुसऱ्या रेषेने दाखवलेली असते. दोन रेषांच्या मधे जे काही सापडेल, न्हाणी असो, विहिरीचा कठडा असो, त्यावर तुमचा निर्णय ठरेल. मोजणी कुणाला मान्य नसेल तर वरच्या अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी, मागता येते. हेही लक्षात ठेवा की मोजणीने हद्द कळते, मालकी ठरत नाही. दोन शेजारी हट्टालाच पेटले तर ते प्रकरण दिवाणी कोर्टातच जातं. म्हणून पट्टी निघालीच तर काकांनी विक्रीआधी शेजाऱ्याशी लिहून मिटवावं. तुम्ही तिथे नवख्या, ते ओझं घेऊ नका.

महापालिकेकडून दोन गोष्टी मागवा, विकास आराखडा २०३४ चा डीपी रिमार्क, म्हणजे आराखड्यात या जागेबद्दल काय आहे त्याचा शेरा, आणि रस्त्याच्या रेषेचा रिमार्क. मागची पट्टी शोधता शोधता पुढचं अंगण रस्ता रुंदीकरणात जातंय हे राहून जायला नको. आर्किटेक्टकडून मागवलात तर सोपं पडतं.

आता काका. खरा प्रश्न तुमच्या ह्यांचा आहे, मोजणीचा नाहीच. त्यांना भीती वाटते की मोजणी मागितली म्हणजे काकांना खोटं ठरवलं. काकांना स्वतःलाच ठाऊक नाही की कुंपण कागदाच्या बाहेर गेलंय, मग खोटं कसलं? बँक मागते, वकील मागतो अशा सबबी काही जण सांगतात. मी त्या सुचवणार नाही. काका आयुष्यभर ऑफिसात बसलेले आहेत, त्यांना कळेल. ह्यांनी सरळ म्हणावं: "काका, कार्डावर २१३५ आहे आणि आम्ही मोजलं तर २३९२ भरलं. वरचे अडीचशे फूट कुणाचे, हे आपल्या दोघांनाही माहीत नाही. उद्या तुम्ही पुण्याला असाल आणि शेजारी माझ्या दारात येईल, तेव्हा मी तुम्हालाच फोन करणार. त्यापेक्षा आत्ता बघून घेऊ. अर्ज तुमच्या नावाने, खर्च माझा." खर्च तुम्ही उचला. त्याने बोलणं मऊ होतं. एवढं ऐकून काका रागावले, तर तो राग मोजणीचा नसेल. मग थांबा आणि वारसांचं पुन्हा विचारा.

व्यवहारात दोन गोष्टी लिहून घ्या. एक, किंमत एकरकमी ठरवू नका. चौरस फुटाचा दर ठरवा आणि मोजणीत कागदाप्रमाणे जेवढं क्षेत्र निघेल तेवढ्याला तो दर लावा. नाहीतर जी पट्टी कधी तुमची होणार नाही तिचेही पैसे द्याल, आणि वर त्या पैशांवर मुद्रांक शुल्क भराल. दुसरं, अगदीच काही द्यावं लागलं तर छोटा विसार द्या, चेकने, आणि पावतीवर लिहून घ्या: वारस नोंद आणि हद्द कायम मोजणी झाल्यावरच साठेखत, हद्दीत अतिक्रमण निघाल्यास विसार पूर्ण परत. एजंट म्हणेल असं कुणी लिहीत नाही. लिहितात. मी अशा पावत्या पाहिल्यात.

मुद्रांक शुल्काचं निघालंच आहे तर, निवासी घर बाईच्या नावावर घेतलं तर राज्यात एक टक्का सवलत आहे. ह्यांना सांगून बघा. टेप तुम्ही लावलीत, घर तुमच्या नावावर होऊ द्या.

दसऱ्याचं म्हणाल तर तो यंदा साधणार नाही. वारस नोंदीलाच वेळ लागेल, मग नोटीस, मग मोजणी. साडेतीन मुहूर्तांतला दसरा गेला तरी पाडव्याचा अर्धा, गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीया असे अडीच हातात राहतात. काकांना तेवढी घाई असेल तर का आहे, ते विचारा.

पुढच्या रविवारी जाल तेव्हा चारही बाजू आणि दोन्ही कर्ण लिहून आणा. न्हाणीच्या मागच्या कोपऱ्यात टेप पोचत नसेल तर सुतळी लावा आणि सुतळी नंतर अंगणात ताणून मोजा. आणि दस्तातली चतुःसीमा जशी आहे तशी उतरवून मला पाठवा, विशेषतः दक्षिणेची.